पित्याची इजा, मातेची दुरुस्ती

एखादे रसायन डीएनएला इजा करते एवढ्यावरून ती इजा पुढच्या पिढीत उतरेलच असे ठरत नाही. कारण इजा आणि उत्परिवर्तन या दोन वेगळ्या घटना असून त्यांच्या मधल्या काळात पेशीची दुरुस्तीयंत्रणा काम करत असते, आणि प्रजनन पेशींमध्ये ही यंत्रणा पेशीच्या घडणीच्या टप्प्यांनुसार बदलत जाते. उत्परिवर्तन म्हणजे डीएनएच्या अक्षरक्रमात झालेला आणि पेशीविभाजनानंतरही टिकणारा बदल. तो त्वचेच्या किंवा यकृताच्या पेशीत झाला तर त्या व्यक्तीबरोबरच संपतो. शुक्राणूत किंवा बीजांडात झाला तर मात्र अपत्याच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत त्याची प्रत उमटते.

क्ष-किरणांमुळे उत्परिवर्तने होतात हे हर्मन म्युलर यांनी 1927 मध्ये दाखवले होते. रसायनांविषयीचा खात्रीलायक पुरावा मिळाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, एडिनबरो येथे. मस्टर्ड वायूने होणाऱ्या जखमा क्ष-किरणांच्या जखमांसारख्या दिसतात आणि तितक्याच चिवट असतात, या निरीक्षणावरून शार्लट आउअरबाख आणि जे. एम. रॉबसन यांनी फळमाश्यांच्या नरांवर या वायूचा प्रयोग केला आणि त्यांच्या संततीत उत्परिवर्तने मोठ्या प्रमाणात आढळली. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे निष्कर्ष 1946 पर्यंत खुलेपणाने मांडता आले नाहीत. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या आउअरबाख यांच्या एका निरीक्षणाचे मोल आज अधिक जाणवते. काही माश्यांमध्ये बदल संपूर्ण शरीरात न दिसता केवळ एखाद्या भागात दिसत असे, म्हणजे शुक्राणूला झालेली इजा लगेच पक्की न होता गर्भाची वाढ सुरू झाल्यावर कधीतरी पक्की होत असली पाहिजे.

या इजेचे रासायनिक स्वरूप आता चांगले परिचित आहे. मस्टर्ड वायूच्या रेणूला जणू दोन हात असतात आणि त्यांनी तो डीएनएच्या दोन्ही धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतो. एथिल नायट्रोसोयुरिया हे रसायन मात्र डीएनएच्या अक्षरांवर एथिल नावाचा लहानसा कार्बनी गट चिकटवते. ग्वानीन या अक्षराच्या ऑक्सिजनवर असा गट बसला की प्रत काढताना त्याची जोडी सायटोसीनऐवजी थायमीनशी जुळते आणि चूक कायम होते. ती होण्यापूर्वी एक विशिष्ट प्रथिन हा गट उचलून स्वतःवर घेते आणि त्यातच निकामी होते. एका रेणूने एकच दुरुस्ती करायची, असा हा हिशेब असल्यामुळे मोठ्या मात्रेपुढे त्याचा साठा अपुरा पडतो. अमेरिकेतील ओक रिज येथे विल्यम रसेल यांनी या रसायनाची मोठी मात्रा उंदरांच्या नरांना एकदम दिली, तेव्हा वृषणातील मूलपेशींत, म्हणजे ज्यांच्यापासून आयुष्यभर शुक्राणू तयार होत राहतात त्या पेशींत, विक्रमी प्रमाणात उत्परिवर्तने झाली. तीच मात्रा दर आठवड्याला एक याप्रमाणे दहा भागांत विभागून दिल्यावर हे प्रमाण बरेच घटले. दुरुस्तीला उसंत मिळाल्याचा याहून सरळ पुरावा सापडणे कठीण.

मूलपेशीपासून शुक्राणू घडायला उंदरात सुमारे पाच आठवडे, तर माणसात सुमारे अडीच महिने लागतात. या प्रवासाच्या शेवटी डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती बहुतांशी काढून त्यांच्या जागी प्रोटामिन ही प्रथिने येतात आणि डीएनए इतका घट्ट बांधला जातो की दुरुस्तीच्या विकरांना आत हात घालायला जागाच उरत नाही. गॅरी सेगा यांनी 1974 मध्ये हे फार कल्पकतेने तपासले. पेशी विभाजनाच्या तयारीत नसतानाही नवा डीएनए विणत असेल तर ती डागडुजीच असणार, हे ध्यानात घेऊन त्यांनी उत्परिवर्तक रसायनाबरोबर डीएनएचा किरणोत्सारी घटक उंदरांच्या वृषणांत पोचवला आणि पुढे अनेक आठवडे त्यांचे शुक्राणू तपासले; किती दिवसांनी बाहेर पडलेल्या शुक्राणूंत किरणोत्सार आहे, यावरून रसायन दिले तेव्हा ते कोणत्या टप्प्यावर होते हे कळत होते. अर्धसूत्री विभाजनाच्या अवस्थेत आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्या टप्प्यांत दुरुस्ती चालू होती, परंतु घडण पुरी होत आलेल्या आणि परिपक्व शुक्राणूंत तिचा मागमूस नव्हता.

मग या शेवटच्या टप्प्यावरील इजेचे काय होते? ओक रिज येथीलच वाल्डी जेनेरोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये त्याचे उत्तर दिले. रसायन दिलेल्या नरांचा संयोग वेगवेगळ्या वाणांच्या माद्यांशी घडवला असता काही वाणांत गर्भ मोठ्या संख्येने मेले, तर काहींत ते प्रमाण पुष्कळ कमी राहिले. शुक्राणूंची इजा सारखीच होती. फरक बीजांडाच्या दुरुस्तीक्षमतेचा होता. पित्याच्या जनुकांतील दोष मातेची पेशी निस्तरते हे वाक्य रूपक वाटावे, परंतु ते शब्दशः खरे आहे. ही दुरुस्ती नेहमीच निर्दोष असते असे नाही, आणि तुटलेली टोके चुकीच्या जागी जोडली गेली तर गुणसूत्रांची अदलाबदल होते. स्वतःच्या इजेबाबत मात्र बीजांड कठोर असते. जन्मापासून अंडाशयात सुप्त असलेल्या बीजांडांत डीएनएचे तुकडे मोठ्या प्रमाणावर झाले तर एक पहारेकरी प्रथिन जागे होऊन ती पेशी नष्ट होते, आणि कर्करोगाच्या काही औषधांनंतर रजोनिवृत्ती लवकर येण्यामागे हेही एक कारण आहे.

माणसाविषयीचा थेट पुरावा दीर्घकाळ हुलकावणी देत राहिला. प्रत्येक अपत्यात आईवडिलांत नसलेले सुमारे साठ-सत्तर नवे बदल असतात, त्यांतील बहुतेक पित्याकडून आलेले, आणि पित्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे त्यांत एक-दोनांची भर पडते. या पार्श्वभूमीवर रसायनाचा वाटा वेगळा काढणे अवघड होते. ब्रिटनमधील 21,879 कुटुंबांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नव्या बदलांचे प्रमाण नेहमीच्या दोन ते सात पट असलेली 12 अपत्ये आढळली. त्यांतील दोघांच्या पित्यांत दुरुस्तीचीच जनुके सदोष होती, तर पाच जणांच्या पित्यांनी अपत्यप्राप्तीपूर्वी कर्करोगाचे रासायनिक उपचार घेतले होते. या उपचारांतील सायक्लोफॉस्फामाइडसारखी काही औषधे मस्टर्ड वायूच्याच रासायनिक कुळातील आहेत. उपचारानंतर काही महिने थांबल्यास त्या वेळी घडत असलेले शुक्राणू निघून जातात, परंतु मूलपेशीत पक्का झालेला बदल थांबल्याने जात नाही. म्हणूनच तरुण रुग्णांना उपचार सुरू होण्यापूर्वीच शुक्राणू गोठवून ठेवण्याचा सल्ला दिला जातो.