शनिवारी थांबणारा घाणा

कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची गोष्ट नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाने आणि वाचलेल्या सात जोडप्यांनी सुरू होते. दंतकथाच ती, मला खरं कोडं पुढचंच वाटतं. 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याआधी या लोकांकडे ना प्रार्थनामंदिर होतं, ना रब्बी, ना हिब्रू ग्रंथ. रोहेकर, पेणकर, किहीमकर ही आडनावं सांगतात, की माणसंही एका ठिकाणी नव्हती, गावोगाव विखुरलेली होती. तरी शनिवारी त्यांचा घाणा थांबायचा, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. ग्रंथाविना हे ज्यूपण टिकलं ते सोयरिकीच्या, सुंतेच्या, नवसाच्या निमित्ताने एकमेकांच्या ओटीवर जाण्यातून. आजही नवस फेडायला घरी मलिदा होतो: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेला नारळ, वर फळं, आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव. हा विधी घरी, पाहुण्यांच्या घोळक्यात होतो, हे मला फार बोलकं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, नात्यांनी फक्त सवयी राखल्या. धर्म आणला तो बाहेरून आलेल्या शिक्षकांनी. दाविद राहाबी नावाचा ज्यू शिक्षक आला, त्याने धर्मकृत्यं चालवणारे काजी तयार केले, पुढे कोचीनचे गुरू आले, विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण दिलं. हे नाकारण्याचं कारण नाही. पण राहाबीची कथाच नीट पाहा. तो या लोकांची परीक्षा घेतो ती शास्त्रार्थाने नव्हे. तो बायकांपुढे मासे ठेवतो, आणि त्या पंख व खवले असलेले वेगळे काढतात. कथा खरी असो वा नसो, समाजाने स्वतःबद्दल हेच सांगून ठेवलं, की आपला पुरावा चुलीपाशी आहे.

दुसरी हरकत जास्त जड आहे. नाती जोडतात तशी तोडतातही. खुद्द समाजात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. मिश्र संबंधांतून आलेल्यांशी सोयरीक टाळली जाई. बगदादी ज्यूंनी तर मुंबईच्या दफनभूमीतसुद्धा मध्ये भिंत हवी, असा अर्ज केला होता. तेव्हा नातेसंबंधांना सोवळं समजण्याचा भाबडेपणा नको.

तरी नात्यांच्या जागी कागद आला तेव्हा काय झालं तेही पाहावं. इस्रायलला गेलेल्या कुटुंबांपुढे रब्बींनी शंका उभी केली: घटस्फोट आणि दिरा-भावजयीच्या विवाहाचे नियम यांनी पाळले होते का? 1961 साली लग्नाला मोकळीक मिळाली, पण पाठोपाठ 1962 साली आदेश निघाला, की वधू-वरांची आई, आजी, जमेल तितकी मागची पिढी तपासावी. ज्यांच्या आज्या कुठल्याच वहीत नव्हत्या, तर पाटावर बसून मासे निवडत होत्या, त्यांच्याकडे कागद मागितला गेला. लोक रस्त्यावर उतरले. 1964 च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू ठरवलं. मग आदेशातून बेने इस्रायलांचं नाव गेलं, आणि त्या जागी आलं: ज्यांच्याबद्दल शंका असेल असे कोणीही. तपासणी मात्र राहिली.