परदेशस्थ पक्षकार आणि मायदेशातील खटला : काही रूढ गैरसमज

बहारीनची राजधानी मनामा हिच्या अदलिया भागात आणि आसपासच्या वस्त्यांत नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे कायदेशीर व्यवहार अनेकदा मायदेशीच गुंतलेले असतात. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा, सदनिकेच्या ताब्याचा वाद, न वटलेल्या धनादेशाची फिर्याद किंवा पोटगीचा अर्ज महाराष्ट्रातील एखाद्या न्यायालयात चाललेला असतो आणि पक्षकार मात्र समुद्रापलीकडे असतो. अशा पक्षकाराच्या हातून होणाऱ्या चुकांमागे बहुधा कायद्याचा किचकटपणा नसतो, तर चारचौघांत ऐकलेल्या आणि कधीच पडताळून न पाहिलेल्या समजुती असतात.

त्यांपैकी सर्वांत घातक समजूत अशी, की परदेशात असलेल्या माणसावर दावा चालत नाही आणि काही वर्षे लोटली की तो आपोआप मुदतबाह्य होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मुदत कायदा, 1963 याच्या कलम 15(5) नुसार प्रतिवादी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा केला जातो तो पक्षकार, जितका काळ भारताबाहेर असतो तितका काळ दाव्याची मुदत मोजताना वगळला जातो. म्हणजे त्याच्या परदेशवासाचा फायदा त्याला नव्हे, तर वादीला मिळतो. स्वतः वादी परदेशात असेल तर मात्र या कलमाची सवलत त्याला मिळत नाही, आणि आखातातून कायमचे परतल्यावर दावा लावू असे म्हणत थांबलेल्यांचा हक्क याच कारणाने बुडू शकतो. समन्स, म्हणजे न्यायालयात हजर होण्याची लेखी आज्ञा, परदेशी पत्त्यावर टपालाने, कुरिअरने किंवा ई-मेलनेही पाठवण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे.

याला जोडूनच, गावच्या घरी आलेले समन्स आपल्या हाती पडलेले नाही, तेव्हा आपण निर्धास्त आहोत, असे मानले जाते. गैरहजेरीत दिलेला एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची सोय संहितेच्या आदेश 9, नियम 13 मध्ये आहे हे खरे, आणि समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून 30 दिवसांत तसा अर्ज करता येतो. परंतु प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची माहिती होती आणि हजर होण्यास पुरेसा वेळही होता, अशी न्यायालयाची खात्री पटल्यास केवळ बजावणीतील अनियमिततेसाठी हुकूमनामा रद्द होत नाही. भावाने समन्सचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला असेल आणि प्रतिवादीने तो पाहिला असेल, तर आपल्याला काहीच ठाऊक नव्हते हे म्हणणे टिकवणे अवघड जाते. म्हणून समन्स कोणत्याही वाटेने कळले तरी वकील नेमून लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला द्यावयाचे लेखी उत्तर, दाखल करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय; त्यासाठी संहितेने 30 दिवस दिले असून कारणे नोंदवून न्यायालय ते 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते.

सर्वाधिक गोंधळ आहे तो कुलमुखत्यारपत्राबाबत, म्हणजे आपल्या वतीने कामे करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या दस्ताबाबत. कोऱ्या मुद्रांक कागदावर सही करून तो गावी धाडला की काम झाले, असे समजणाऱ्यांनी प्रथम हे लक्षात घ्यावे, की परदेशात केलेल्या मुखत्यारपत्राला पुराव्यात बळ येते ते प्रमाणीकरणामुळे. नोटरी किंवा भारतीय वकिलातीतील अधिकारी यांच्यासमोर निष्पादित होऊन त्यांनी प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरते. हा नियम पूर्वी 1872 च्या पुरावा कायद्यात होता आणि 1 जुलै 2024 पासून तो भारतीय साक्ष अधिनियमात आहे. सही करणाऱ्याने मूळ पासपोर्टसह नोटरीसमोर किंवा दूतावासातील अधिकाऱ्यासमोर स्वतः जाऊन सही करणे म्हणूनच अटळ ठरते. असा दस्त महाराष्ट्रात प्रथम पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत सहीच्या तारखेपासून नव्हे, तर दस्त राज्यात पोहोचल्यापासून मोजली जाते, त्यामुळे ज्या पाकिटातून तो आला ते पाकीट आणि कुरिअरची पावती फाडून न टाकता दस्तासोबतच जपावी. बहारीनमधील इतर सार्वजनिक कागदपत्रांसाठी मात्र दूतावासाच्या फेऱ्या आवश्यक नाहीत, कारण भारत 2005 पासून आणि बहारीन 2013 च्या अखेरीपासून अपोस्टील कराराचे सदस्य आहेत. तेथील सक्षम कार्यालयाने लावलेले अपोस्टील, म्हणजे दस्तावरील सही-शिक्क्याच्या खरेपणाचा आंतरराष्ट्रीय दाखला, भारतात पुरेसे असते.

मुखत्यारपत्र दिले की आपली साक्षही मुखत्यार देईल, ही समजूत तर हातातला दावा घालवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने जानकी वाशदेव भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक या प्रकरणात 2004 च्या डिसेंबरात स्पष्ट केले, की मुखत्यार पक्षकाराच्या वतीने अर्ज करणे, वकील नेमणे अशी कृत्ये करू शकतो आणि त्याने स्वतः केलेल्या कृत्यांबद्दल साक्षही देऊ शकतो, परंतु जी गोष्ट केवळ पक्षकारालाच ठाऊक आहे तिच्याविषयी पक्षकाराच्या जागी तो साक्ष देऊ शकत नाही. व्यवहाराचे पैसे पक्षकाराने स्वतः मोजून दिले असतील, तर त्याविषयीची उलटतपासणी, म्हणजे विरुद्ध बाजूच्या वकिलाची प्रश्नोत्तरे, त्यानेच सोसली पाहिजे. त्यासाठी विमानाचे तिकीट काढावेच लागते असे मात्र नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशातील साक्षीदाराची साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून नोंदवणे ग्राह्य धरले. तशी परवानगी अर्ज करून वेळेत मागावी लागते, आणि भारतातील सकाळी 11 ची सुनावणी म्हणजे अदलियातील साडेआठ, हे नोकरीच्या वेळा सांभाळणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवावे.

गावाकडे दावा चालू आहे म्हणून पासपोर्टचे नूतनीकरण अडेल, ही भीती अनाठायी आहे, कारण पासपोर्ट कायदा, 1967 मधील अडसर भारतातील न्यायालयात प्रलंबित असलेल्या फौजदारी प्रकरणापुरता आहे, दिवाणी दाव्याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि फौजदारी प्रकरणातही 1993 च्या अधिसूचनेनुसार संबंधित न्यायालयाची परवानगी आणल्यास पासपोर्ट मिळू शकतो. याउलट, बहारीनमध्ये असताना फौजदारी खटल्याचे हात आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत हा भ्रम आहे, कारण दोन्ही देशांत 2004 चा प्रत्यार्पण करार आहे, आणि खटला टाळण्यासाठी फरार झालेल्या घोषित गुन्हेगाराचा खटला त्याच्या गैरहजेरीत चालवण्याची तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 356 मध्ये आहे.

वकीलपत्रावर सही झाली की खटल्याची चिंता मिटली, असेही मानू नये. प्रत्येक प्रकरणाला सीएनआर हा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो आणि तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घातल्यास पुढील तारीख आणि आधीच्या तारखांना काय घडले हे जगात कोठूनही विनामूल्य पाहता येते, तेव्हा हा क्रमांक वकिलाकडून पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

राहता राहिली तडजोड. लोकअदालतीतील निवाडा हा कच्चा समेट असून पटला नाही तर पुढे अपील करता येईल, असे समजून नातेवाइकांच्या भिडेखातर होकार दिला जातो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 21 नुसार त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, तो अंतिम असतो आणि त्याविरुद्ध अपील नसते. त्यामुळे तडजोड करण्याचा अधिकार मुखत्याराला द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर कोणत्या मिळकतीपुरता व किती रकमेच्या मर्यादेत, हे मुखत्यारपत्राच्या मसुद्यातच, दूतावासात सही करण्यापूर्वी, स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे.