आशाताईंच्या गाण्यातून ब्राझीलकडे

ब्राझीलचं संगीत आपल्या कानावर पडलं त्याला साठेक वर्षं होतील, आणि तेही एका मराठी गळ्यातून. १९६६च्या ‘पती पत्नी’मधलं ‘मार डालेगा दर्द-ए-जिगर’ काढून ऐका. राहुल देव बर्मन यांनी त्याला बोसा नोव्हा या ब्राझीलच्या शैलीचा ठेका दिला आणि आशाताईंनी तो लीलया पेलला. तिरोड्यात बसून ब्राझीलचे जुने अल्बम ऐकायचे असतील, तर सुरुवात इथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं.

मग याच शैलीचे गायक जुआंव जिल्बेर्तो यांचा १९५९चा ‘शेगा दे सौदादे’ लावा. अख्खा अल्बम पंचवीस मिनिटांच्या आत संपतो. पहिल्यांदा गाणं सोडून फक्त गिटार ऐका. अंगठा खर्जाच्या तारांवर सांबातल्या मोठ्या ढोलाचा ठोका धरून असतो. बाकीची बोटं एकदम तारा छेडतात, पण ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे. आता आवाजाकडे या. तो शेजारी बसून बोलावं इतका हळू. ओळ कधी मात्रेआधीच सुटते, कधी मागे रेंगाळते, ठेका मात्र जराही हलत नाही. दंडार आणि खडी गंमत ऐकत वाढलेल्या झाडीपट्टीच्या कानाला हा लयीचा खेळ कळायला पोर्तुगीज कशाला यायला हवी?

१९६४ साली ब्राझीलमध्ये लष्करी राजवट आली. शिको बुआर्की यांचा ‘कॉन्स्त्रुसांव’ हा अल्बम १९७१चा, याच काळातला. त्याच नावाच्या गाण्यात एक बांधकाम मजूर बायकोचा निरोप घेऊन कामावर जातो, उंचावरून पडतो आणि भर रस्त्यात मरतो. रहदारी तेवढी अडते. मग तीच हकिकत पुन्हा सुरू होते. ओळी त्याच, फक्त शेवटचे शब्द एकमेकांच्या जागी गेलेले, आणि मागे वाद्यांचा कल्लोळ चढत जातो. ३३०० मेगावॉटचा वीज प्रकल्प डोळ्यांदेखत उभा राहिलेल्या तिरोड्याला हा मजूर परका वाटायचं कारण नाही.

गायक जिल्बेर्तो जिल यांना याच लष्करी राजवटीने १९६८च्या अखेरीस अटक केली आणि पुढे लंडनला धाडलं. परतल्यावर १९७५ साली त्यांनी जॉर्जे बेन यांच्यासोबत ‘जिल ए जॉर्जे’ हा अल्बम केला. त्यातलं एक गाणं ‘फिल्योस दे गांधी’, म्हणजे गांधींची लेकरं. साल्व्हादोर बंदरातल्या गोदी कामगारांनी गांधीजींच्या हत्येनंतर, १९४९ साली, या नावाचं कार्निव्हल पथक काढलं. पांढरे कपडे, डोक्याला पांढरा फेटा आणि आफ्रिकेतून आलेला ठेका घेऊन ते आजही मिरवणुकीत उतरतं. जिल स्वतः त्यात सामील झाले.

याच अल्बमात बेन यांचं ‘ताजमहाल’ आहे, शहाजहान-मुमताजच्या प्रेमावरचं. १९७८ साली रॉड स्टुअर्टच्या एका गाजलेल्या गाण्यात त्याचीच चाल आढळली, तेव्हा बेन यांनी दावा ठोकला. या अल्बमात मात्र ‘ताजमहाल’ चौदा मिनिटांहून जास्त चालतं. दोघं एकमेकांना डिवचत गातात, शब्द सोडून नुसत्या हुंकारांवर येतात, पुन्हा धृपद धरतात. मधेच पुढे सरकवू नका.