बॅटरी बदलण्याआधी थांबा! दोष डायनामोत तर नाही?

वाशिम : सेल्फ मारला, नुसता 'टक टक' आवाज आला आणि गाडी सुरू झाली नाही, की बहुतेक जण थेट नवी बॅटरी घेतात. मात्र बिघाड डायनामोत, म्हणजे अल्टरनेटरमध्ये असेल, तर नवी बॅटरीही लवकरच उतरते आणि पैसे वाया जातात.

उन्हाळा मारतो, थंडी दाखवते

विदर्भातील उन्हाळ्यात बॉनेटखालची उष्णता बाहेरच्या पाऱ्याहून बरीच जास्त असते. त्यामुळे बॅटरीतील पाणी उडते, प्लेटा झिजतात. हिवाळ्यात इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते, तेव्हा ही कमजोरी उघडी पडते.

मल्टिमीटरने तीन वेळा मोजा

१. गाडी रात्रभर बंद ठेवून : 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

२. सेल्फ मारताना : चार्ज असलेल्या बॅटरीचा आकडा 9.6 च्या खाली गेला, तर बॅटरी थकली.

३. इंजिन सुरू असताना : साधारण 13.7 ते 14.7 हवेत. 13 च्या खाली राहिल्यास डायनामो, बेल्ट किंवा वायरिंग तपासा. 15 च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडलेला असू शकतो. काही नव्या गाड्यांत हा आकडा संगणक कमी-जास्त करतो. तिथे मेकॅनिकचा सल्ला घ्या.

तिन्ही आकडे ठीक असूनही गाडी अडत असेल, तर टर्मिनल पाहा. सैल क्लॅम्प किंवा त्यावरचा पांढरा-हिरवट थर हेही कारण असते. हातमोजे घालून आधी निगेटिव्ह केबल काढा आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल पुसून घ्या.

हे करू नका

डायनामो तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढू नका. गाडीचा संगणक जळू शकतो. बॅटरीजवळ विडी-सिगारेट पेटवू नका. तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

समृद्धीवर लाल दिवा लागला तर?

समृद्धी महामार्ग जिल्ह्यातील कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. धावत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, तर चार्जिंग थांबले असे समजा. गाडी आता उरलेल्या बॅटरीवरच चालते. एसी, म्युझिक सिस्टीम बंद करून जवळच्या इंटरचेंजला बाहेर पडा. रात्री हेडलाइट मात्र चालूच ठेवा. इंजिनाचा तापमान काटाही चढत असेल, तर बेल्ट तुटलेला असू शकतो. अशा वेळी पुढे न जाता गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि मदत मागवा.