ओझरची पांढरी

पिकाची ती काळी व वस्तीची ती पांढरी, हे गांवाचे दोन भाग आपणांस ठाऊकच आहेत. काळीचें मोल आपण जाणतों. पांढरीविषयीं मात्र उदासीन असतों. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल दप्तरांत काळीचे उतारे नकलण्यांत गेली. म्हणून आतां पांढरीविषयीं चार शब्द.

बाणगंगेकांठचें आमचें ओझर तांबट कारागिरांमुळें ‘तांबट ओझर’ म्हणून ओळखलें जाई. १९६४ सालीं येथें विमानांचा कारखाना निघाला व वस्ती वाढली. सिमेंटचीं घरें आलीं. जुन्या घरांची रचना मात्र विचार करण्याजोगी आहे. काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, म्हणून ती बांधकामास वर्ज्य. भिंती व धाबें पांढऱ्या मातीचें. खालीं घडीव दगडाचें जोतें, वर सागवानी खांब व तुळया. भिंत खचली तरी छपराचा भार खांब पेलीत. दोन खांबांमधील अंतर तो खण, आणि घराचें माप खणांवरच सांगत. जाड भिंतींत धान्याचें बळद असे. कडीपाटावरील मातीच्या थरास मृगापूर्वीं दरसाल नवी माती घालावी लागे.

ही माती चुकली, कीं पाणी तुळईंत उतरतें. आमच्या वडिलार्जित वाड्याचें हेंच झालें. हिस्सेदार सात, प्रत्येकास वाटे, माती दुसऱ्यानें घालावी. मधली तुळई कुजली आणि अखेर वाडा उतरवून लाकूड विकावें लागलें. सातांपैकीं एक मीही होतों.

याच मुंबई-आग्रा रस्त्यावर चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. तो सरकारी संरक्षणाखालीं उभा आहे. कुणब्याच्या वाड्यास त्याच्या धन्यावांचून वाली नाहीं. २०२० सालापासून स्वामित्व योजनेंत गांवोगांवच्या गावठाणांची ड्रोननें मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळत आहेत. ही सोय उत्तम; परंतु पत्रिकेंत हद्द व क्षेत्र येतें, धाब्याची विद्या येत नाहीं.

तरी विनंती अशी कीं, हिस्सेदारांनीं एकत्र बसून दुरुस्तीचा खर्च हिश्शाप्रमाणें लिहून ठेवावा. घर पाडणें अटळच असेल, तर आधीं खणांचीं मापें व छायाचित्रें घ्यावींत, आणि जुन्या गवंड्यास विचारून धाब्याची कृति टिपून ठेवावी. वाडा उभा असेल त्यानें मृगाची वाट न पाहतां एकदां धाब्यावर चढून यावें.