घरचे मुद्रित मंडल आणि तांब्याचा हिशेब

रेडिओची पेटी उघडून पाहिली असता आत एक पातळ पाटी आढळते. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा आखलेल्या असतात आणि तारांऐवजी त्या वाटांनीच वीज एका घटकाकडून दुसऱ्याकडे जाते. हेच मुद्रित मंडल होय. मूळचे व्हिएन्नाचे अभियंते पॉल आयस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये अशा मंडलावर चालणारा रेडिओ तयार केला. त्यामागील युक्ती मात्र जुनी आहे. युरोपातील चित्रकार तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन तीच वापरीत असत: जो भाग राखावयाचा तो झाकावा, उरलेला अम्लाकडून खाववावा. या क्रियेस अम्लरेखन म्हणतात.

रायपूरच्या एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्यास हे घरी साधेल काय? अवश्य साधेल. तांबे चढविलेली कोरी पाटी इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळते. तिच्यावरील थर सामान्यतः ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. पाटी घासून लख्ख करावी, न पुसणाऱ्या शाईने किंवा नखरंगाने तिच्यावर मंडलाची आकृती काढावी व ती वाळू द्यावी. नंतर काचेच्या अथवा प्लॅस्टिकच्या पसरट भांड्यात पांढरे व्हिनिगर आणि औषधाच्या दुकानातील सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड समभाग घेऊन त्यात चमचाभर मीठ विरघळवावे व पाटी बुडवावी. पेरॉक्साइड तांब्याचे ऑक्सिडीकरण करते, व्हिनिगरातील अम्ल ते विरघळविते आणि मिठातील क्लोराइड त्यास द्रावणात धरून ठेवते. द्रावण हळूहळू निळसर हिरवे होते. रायपूरच्या उन्हात भांडे ठेवल्यास क्रियेस वेग येतो. फेरिक क्लोराइड हे काम अधिक लवकर करते. परंतु त्याचे डाग सहसा निघत नाहीत.

हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांवाचून या कामास हात घालू नये. द्रावण झाकणबंद बाटलीत कधीही भरू नये, कारण त्यातून निघणाऱ्या ऑक्सिजनच्या दाबाने बाटली फुटू शकते. वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

नको असलेले तांबे गेले, पाटी धुतली, शाई पुसली की काम संपले असे वाटते. पण गेलेले तांबे कोठे गेले? १० सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद पाटीवर सुमारे ३ ग्रॅम तांबे असते. त्याचा दोनतृतीयांश भाग विरघळला, तर द्रावणात २ ग्रॅम तांबे उतरले. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये तांब्याची इष्ट मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका लहानशा पाटीचे तांबे ४०,००० लिटर पाणी त्या मर्यादेस पोहोचविण्यास पुरेसे आहे. मोरीत ओतलेले द्रावण नाल्यांतून अखेर जलाशयांकडे जाते, आणि रायपूर शहर खारून नदीचे पाणी पिते. मासे व शेवाळ यांना तर तांब्याचा अल्प अंशही घातक ठरतो.

यावरील उपायही स्वस्तच आहे. उघड्या भांड्यातील द्रावणात, विस्तवापासून दूर, जुने लोखंडी खिळे टाकून दोन दिवस ठेवावेत. लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे तांबूस थराच्या रूपाने खिळ्यांवर बसते. धातुवैज्ञानिक सौम्य द्रावणांतून तांबे मिळविण्यासाठी हीच क्रिया वापरतात. ज्या रायपुरात १९५६ साली खनिकर्म व धातुविज्ञानाच्या शासकीय महाविद्यालयाची पायाभरणी झाली, तेथील विद्यार्थ्यास ती परकी वाटू नये. उरलेल्या द्रावणात फेस येणे थांबेपर्यंत धुण्याचा सोडा थोडा थोडा घालावा, पाणी उन्हात आटवावे आणि राहिलेला गाळ खिळ्यांसह घातक कचऱ्यात वेगळा द्यावा.

पाटीवरील वाटांतून वीज वाहू लागली म्हणजे अर्धा प्रयोग साधला. विरघळलेल्या तांब्याचा हिशेब लागला म्हणजे तो पुरा झाला.