निळ्या सरोवराजवळचे जर्मन गाव

विद्यार्थी मित्रांनो, लैला आणि मजनू यांची कथा तुम्ही ऐकलीच असेल. ही कथा फारसी काव्यात अजरामर करणारे कवी निजामी गंजवी बाराव्या शतकात होऊन गेले. गंजवी म्हणजे गंजा शहराचे राहणारे. हे गंजा शहर आज अझरबैजान या देशात आहे. त्याच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर, डोंगरांच्या पायथ्याशी, गोयगोल नावाचे एक लहानसे शहर आहे.

या शहराच्या जुन्या भागात तुम्ही फिरलात, तर तुम्हांला नवल वाटेल. रस्ते सरळ आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा आहेत. घरे दगडी, उतरत्या छपरांची आणि लाकडी सज्जांची आहेत. मध्यभागी एक उंच चर्च आहे. आज तेथील बहुतेक लोक मुसलमान आहेत आणि ते अझरबैजानी भाषा बोलतात. मग ही घरे आणि हे चर्च कोणी बांधले? ते बांधले जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांनी. हे लोक इतक्या दूर का आले, येथे कसे राहिले आणि येथून का गेले, ते आपण या पाठात पाहू.

सन 1815 च्या एप्रिल महिन्यात इंडोनेशियातील तांबोरा या ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला. त्याची धूळ आकाशात फार उंच गेली आणि जगभर पसरली. सूर्याची उष्णता कमी झाली. पुढच्या वर्षी, म्हणजे 1816 मध्ये, युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. थंडी आणि पाऊस यांमुळे शेतातील पिके कुजली. दक्षिण जर्मनीतील वुर्टेम्बर्ग राज्यात मोठा दुष्काळ पडला. त्याआधी कित्येक वर्षे नेपोलियनच्या लढाया चालू होत्या. त्यामुळे शेतकरी करांच्या ओझ्याने आधीच वाकले होते. आता त्यांच्या घरात दाणाही उरला नाही.

घर सोडण्याचे आणखी एक कारण होते. या शेतकऱ्यांपैकी काही लोक फार धार्मिक होते. राज्याच्या चर्चने प्रार्थनेच्या पद्धतीत केलेले बदल त्यांना मान्य नव्हते. लवकरच, 1836 च्या सुमारास, येशू ख्रिस्त पुन्हा पृथ्वीवर येतील, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या वेळी आपण पूर्वेकडे, पवित्र भूमीच्या जवळ असावे, असे त्यांना वाटत होते.

त्या काळी रशियाचा बादशहा पहिला अलेक्झांडर हा होता. त्याची आई वुर्टेम्बर्गच्या राजघराण्यातली होती. रशियाने 1813 च्या तहाने इराणकडून दक्षिण कॉकेशसचा मोठा प्रदेश मिळवला होता. हा प्रदेश म्हणजे तीन साम्राज्यांची सीमा. उत्तरेला रशिया, दक्षिणेला इराण आणि पश्चिमेला तुर्कस्तान. अशा सीमेवर कष्टाळू शेतकरी वसवावेत, असे रशियाच्या सरकारला वाटत होते. सरकारने जर्मन शेतकऱ्यांना जमीन देण्याचे कबूल केले. काही वर्षे करमाफी, सैन्यातील नोकरीतून सूट आणि आपापल्या पद्धतीने प्रार्थना करण्याचे स्वातंत्र्य, या सवलतीही दिल्या. उपाशी माणसाला आणखी काय हवे? लोकांनी सामान बांधले.

सन 1817 मध्ये उल्म या गावाहून त्यांच्या नावा डॅन्यूब नदीतून निघाल्या. प्रवास सोपा नव्हता. नावांत गर्दी होती. पिण्याचे पाणी वाईट होते. नदीच्या मुखाजवळील इझ्माईल येथे त्यांना कित्येक दिवस थांबवून ठेवण्यात आले. तेथे तापाची साथ पसरली. अनेक माणसे, विशेषतः लहान मुले, तेथेच दगावली. उरलेल्यांपैकी बरेच लोक काळ्या समुद्राच्या काठी ओडेसाच्या परिसरात राहिले. सुमारे 500 कुटुंबे मात्र गाड्यांतून कॉकेशसचे पर्वत ओलांडून पुढे गेली. त्यांनी आजच्या जॉर्जिया आणि अझरबैजान या देशांत काही गावे वसवली. त्यांपैकी एक गाव गंजाजवळ 1819 मध्ये वसले. बादशहाच्या हेलेना नावाच्या बहिणीवरून त्या गावाला हेलेनेनडोर्फ असे नाव देण्यात आले. जर्मन भाषेत ‘डोर्फ’ म्हणजे गाव. येथे आलेल्या शंभराहून अधिक कुटुंबांपैकी बरीच कुटुंबे वुर्टेम्बर्गमधील रॉयटलिंगन शहराच्या परिसरातली होती.

सुरुवातीची वर्षे हालअपेष्टांची गेली. हवा वेगळी, माती वेगळी आणि पाणी कमी. त्यातच 1826 मध्ये रशिया आणि इराण यांच्यात पुन्हा युद्ध पेटले. हेलेनेनडोर्फच्या लोकांना गाव सोडून तिफ्लिस शहराकडे पळावे लागले. तिफ्लिस म्हणजे आजचे तबिलिसी. ते परत आले, तेव्हा त्यांनी उभारलेले गाव उद्ध्वस्त झाले होते. जॉर्जियातील कॅटरीननफेल्ड या जर्मन गावावर तर हल्ला झाला. तेथे अनेक माणसे मारली गेली आणि अनेकांना कैद करून नेण्यात आले. राज्यांच्या भांडणात सीमेवरच्या गरीब शेतकऱ्याला पहिला मार बसतो, तो असा. पण लोकांनी धीर सोडला नाही. त्यांनी गाव पुन्हा उभे केले.

या लोकांची भरभराट झाली, ती कशामुळे? त्यांनी जे आणले होते, ते त्यांनी सोडले नाही; आणि शेजाऱ्यांकडे जे चांगले होते, ते शिकण्यात कमीपणा मानला नाही.

पाण्याचेच उदाहरण घ्या. गंजाच्या परिसरात फार पूर्वीपासून ‘कहरीझ’ नावाची पद्धत होती. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत जेथे पाणी असेल, तेथे विहीर खणायची. मग गावाच्या दिशेने ओळीने अनेक विहिरी खणायच्या आणि त्या सर्व विहिरी जमिनीखालील एका बोगद्याने जोडायच्या. बोगद्याला थोडा उतार ठेवायचा. मग पाणी कोणत्याही यंत्राशिवाय आपोआप वाहत गावात येते. जमिनीखालून येत असल्यामुळे ते उन्हाने आटत नाही. जर्मन शेतकऱ्यांनी ही पद्धत स्वीकारली आणि आपल्या गावात पाणी आणले. मुलांनो, ही पद्धत आपल्या महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबर यांनी खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, ‘नहर-ए-अंबरी’ बांधली. ती याच प्रकारची आहे.

पाणी आल्यावर द्राक्षांचे मळे फुलले. वुर्टेम्बर्गमध्येही द्राक्षे पिकत असत, त्यामुळे हे काम त्यांच्या ओळखीचे होते. द्राक्षांपासून वाइन तयार करण्याचे मोठे कारखाने हेलेनेनडोर्फमध्ये निघाले. फोरर आणि हुम्मेल या दोन घराण्यांचा माल रशियाच्या मोठमोठ्या शहरांत विकला जाऊ लागला. गावातील सुतार आणि लोहार चारचाकी घोडागाड्या बनवत. या गाड्या इतक्या मजबूत असत, की सगळ्या दक्षिण कॉकेशसमध्ये त्यांना मागणी होती. सन 1857 मध्ये गावात सेंट जॉन यांच्या नावाचे चर्च उभे राहिले. गावात शाळाही होती.

घरात हे लोक आपली जर्मन बोली बोलत. शाळेत जर्मन शिकत. सरकारी कामासाठी रशियन शिकत. बाजारात, मळ्यात आणि प्रवासात मात्र त्यांना अझरबैजानी भाषा उपयोगी पडे. शेजारचा शेतकरी, मजूर, गाडीवान यांच्याशी ते त्याच भाषेत बोलत. या भाषेतील काही शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतील. बागेला तेथे ‘बाग’ म्हणतात, शहराला ‘शेहेर’ आणि पुस्तकाला ‘किताब’. बाग आणि शहर हे शब्द तर आपण उर्दूत बोलतो आणि मराठीतही लिहितो. शेजाऱ्याची भाषा शिकल्याने आपली भाषा कमी होत नाही. हेलेनेनडोर्फच्या लोकांनी शंभर वर्षांहून अधिक काळ आपली बोली जपली आणि शेजाऱ्यांशी त्यांच्या भाषेत व्यवहारही केला.

पुढे काळ बदलला. सन 1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. रशिया आणि जर्मनी एकमेकांचे शत्रू बनले. या शेतकऱ्यांनी जर्मनी कधी पाहिलीही नव्हती. त्यांचे आजोबा-पणजोबा तेथून आले होते, एवढाच काय तो संबंध. तरीही त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. सन 1918 मध्ये अझरबैजान स्वतंत्र झाला. त्याच्या संसदेत जर्मन लोकांनाही प्रतिनिधी मिळाला. पण हे स्वातंत्र्य दोनच वर्षे टिकले. सन 1920 मध्ये तेथे सोव्हिएत राजवट आली. खाजगी कारखाने सरकारजमा झाले. तेव्हा गावकऱ्यांनी ‘कॉन्कॉर्डिया’ नावाची सहकारी संस्था चालवली. आपल्याकडे ऊस पिकवणारे शेतकरी एकत्र येऊन सहकारी साखर कारखाना चालवतात, तसेच हे द्राक्षे पिकवणारे शेतकरी एकत्र आले होते. पुढे सरकारने ही संस्थाही बंद पाडली. 1930 नंतरच्या दशकात गावातील अनेकांना अटक झाली. चर्चमधील प्रार्थना थांबली. सन 1938 मध्ये गावाचे नावही बदलले. एका क्रांतिकारक कामगाराच्या नावावरून त्याला खानलार म्हणू लागले.

सर्वांत मोठे संकट 1941 मध्ये आले. त्या वर्षी जून महिन्यात हिटलरच्या जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. स्टालिनच्या सरकारने ठरवले, की देशातील जर्मन वंशाच्या लोकांवर विश्वास ठेवता येणार नाही. 8 ऑक्टोबर 1941 रोजी दक्षिण कॉकेशसमधील जर्मनांना हलवण्याचा हुकूम निघाला. कोणी गुन्हा केला आहे का, याची चौकशी झाली नाही. म्हातारे, स्त्रिया, तान्ही मुले, सर्वांना तो हुकूम लागू होता. ज्या जर्मन स्त्रियांचे पती दुसऱ्या समाजाचे होते, त्यांना राहण्याची परवानगी मिळाली. बाकीच्यांना थोड्याच दिवसांत घर सोडावे लागले. मळे, गुरे, घरे, पूर्वजांच्या कबरी, सारे मागे राहिले. अझरबैजानातून बावीस हजारांहून अधिक लोकांना नेण्यात आले. आगगाडीने बाकू बंदरापर्यंत, तेथून जहाजाने कॅस्पियन समुद्रापलीकडे, आणि पुन्हा आगगाडीने कझाकस्तानच्या माळरानावर, असा तो प्रवास होता. तेथे स्त्री-पुरुषांना सक्तीच्या मजुरीला जुंपले. थंडी, भूक आणि आजार यांमुळे अनेकजण मरण पावले.

आपल्याकडे म्हण आहे, ‘सुक्याबरोबर ओलेही जळते.’ येथे तेच झाले. युद्ध पुकारले हिटलरने. शिक्षा भोगली द्राक्षे पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी. माणसाला त्याच्या कृत्यावरून ओळखावे. त्याचे नाव, भाषा किंवा वंश पाहून त्याला दोषी ठरवणे, हा अन्याय आहे. असा अन्याय जगात अनेक ठिकाणी, अनेक समाजांवर झाला आहे. म्हणून ही हकिकत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सन 1955 मध्ये या लोकांवरील पहारा उठला, पण आपल्या गावी परतण्याची परवानगी मिळाली नाही. त्यांच्यावर ठेवलेला आरोप खोटा होता, हे सरकारने 1964 मध्ये मान्य केले. हवे तेथे राहण्याची मोकळीक मिळण्यास 1972 साल उजाडले. तोवर एक पिढी संपली होती आणि दुसरी पिढी परक्या मुलुखात वाढली होती. सोव्हिएत संघ मोडल्यावर अशा अनेक कुटुंबांनी जर्मनीची वाट धरली. जेथून पूर्वज उपाशीपोटी निघाले होते, त्या देशात ती पावणेदोनशे वर्षांनी परतली.

खानलार हे नावही आता राहिले नाही. सन 2008 मध्ये शहराला जवळच्या सरोवराचे, गोयगोलचे, नाव देण्यात आले. गोयगोल म्हणजे निळे सरोवर. सन 1139 मध्ये झालेल्या मोठ्या भूकंपात कापाझ डोंगराचा कडा कोसळला, नदी अडली आणि हे सरोवर तयार झाले. शहराच्या नावात जर्मन भाषेचा मागमूसही उरलेला नाही. तेथील शेवटचा जर्मन रहिवासी 2007 मध्ये वारला. त्याचे घर आता जतन करून ठेवले आहे. जुन्या चर्चमध्ये शहराचे संग्रहालय आहे. जर्मनांनी बांधलेल्या घरांत आज अझरबैजानी कुटुंबे राहतात आणि आसपासच्या मळ्यांत अजूनही द्राक्षे पिकतात.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादी जुनी विहीर, मशीद, मंदिर, वाडा किंवा बाजारपेठ असेल. ती कोणी बांधली, ते लोक कोठून आले होते, कोणती भाषा बोलत होते, हे वडीलधाऱ्यांना विचारा. गावाचे नाव बदलते, राजवट बदलते, माणसेही जातात. पण खणलेले पाणी आणि लावलेले झाड पुढच्यांच्या उपयोगी पडते. ते कोणी केले, हे ठाऊक असणे आणि कृतज्ञतेने सांगणे, एवढे तरी आपल्याला करता येईल.